टँकरची वही

उंड्रीत टँकर म्हणजे पाण्याचा.
दुसरा अर्थ सोसायटीत फक्त आमच्याच घरी होता,
तोही फ्रीजवरच्या एका फोटोत:
लांबलचक तांबडं पोट, मागे पांढरी इमारत,
आणि डेकवर नखाएवढा श्रीरंग,
थर्ड इंजिनिअर.

फेब्रुवारीपासून वही माझ्याकडे आहे.
तारीख, वेळ, गाडीचा नंबर, दहा हजार लिटर, सही.
पानसेकाका हसत म्हणाले होते,
तुम्हाला सवयच आहे, वाट बघायची.

सतरा तारखेला पहिली गाडी सात-दहाला.
कंपनीचा फोन सात-चाळीसला.
बाई हळू, स्वच्छ बोलत होती.
गिनीच्या आखातात, पहाटे, दोन स्पीडबोटी,
कठड्याला हुक, हुकाला शिडी.
जहाज सापडलंय. तेलही आहे.
सात माणसं नाहीत.
त्या दिवशीच्या रकान्यात माझी सही नाही.
पाणी मात्र आलं होतं.

कैवल्यने विचारलं,
चाचे म्हणजे कुणाचे चाचा?
मी म्हटलं, असतील कुणाचे तरी.
असतीलच.
तिथल्या खाडीवर तवंग असतो, जाळ्यात मासा येत नाही,
हे श्रीरंगनेच सांगितलं होतं मागच्या सुट्टीत,
कोंढव्याच्या पंपावर रांगेत असताना.
मी काच वर घेतली होती,
पेट्रोलचा वास सहन होत नाही म्हणून.

कंपनी म्हणते, बाहेर बोलू नका, भाव वाढतो.
भाव.
भाजीवालीकडे रोज विचारते मी हा शब्द.
लिफ्टमध्ये मी शिरले की बोलणं थांबतं.
डी विंगच्या मोघेबाई वर्गणीचं म्हणाल्या,
आणि किती ते न विचारताच
चपलांकडे बघत राहिल्या.

चौतिसाव्या दिवशी त्याचा फोन.
माझाच हॅलो मला उशिरा परत येत होता.
त्याने आकडा सांगितला, डॉलरमधला,
दोनदा, पाढा म्हटल्यासारखा.
मागे कुणीतरी खोकलं.
मग एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाला,
पाणी येतंय का गं?
मी म्हटलं, टँकरने.

फोन कट.

कैवल्यचा दात पडला, हे राहिलं.
आई बऱ्या आहेत, हे राहिलं.
रात्री मी उत्तर दुरुस्त करत बसते:
येतंय. दोन्ही वेळ येतंय. गच्चीवरची टाकी वाहून जाते,
बंद करायला कुणी नाही.

काल रात्री अडीचला ईरप्पाची गाडी आली.
बाराला यायची होती.
वडाचीवाडीजवळ पोरांनी अडवली, म्हणाला,
किल्ली घेतली, निम्मं पाणी
त्यांच्या टाकीत सोडायला लावलं.
मारलं का?
न्हाई ताई. बसवून ठिवलं. चहा दिला.
चहा दिला?
दिला की. बिनसाखरेचा.
मी परत विचारलं. त्याने परत सांगितलं.
त्याला वाटलं असेल, मला खरं वाटत नाहीये.

श्रीरंग सांगायचा,
जहाजावर तेल मोजत नाहीत थेट,
झाकणापासून तेलापर्यंतची
रिकामी जागा मोजतात.
मी शिडीवरून चढले, झाकण उघडलं, काठी सोडली.
काठी जात राहिली, जात राहिली,
मग टोक ओलं झालं.

वहीत पाच हजार लिहिलं.
पैसे दहाचे दिले.
पानसेकाका विचारतील सकाळी, विचारू देत.
ईरप्पाने खालच्या नळावर तोंड धुतलं,
गाडी उलटी घेतली, गेटला जरा घासलीच.
शेऱ्याचा रकाना आजवर कुणी भरला नव्हता.
मी लिहिलं:
ड्रायव्हर सुखरूप.